तुम्ही विचारलंत म्हणून: तेरेसाला दिसायचं ते खरं होतं का?

अविलाची संत तेरेसा ही सोळाव्या शतकातली स्पेनमधली मठवासी सिस्टर, तिला ख्रिस्ताची दर्शनं व्हायची. तिचा विषय निघाला की कोणीतरी हळूच विचारतंच, "ती दर्शनं खरी होती, की बाईला फिट्स यायच्या?" विचारणारे बहुधा डॉक्टर, नाहीतर डॉक्टरांचे नातेवाईक.

प्रश्न गैर नाही. १५३९ साली, चोविसाव्या वर्षी, ती चार दिवस बेशुद्ध होती. मठात तिच्यासाठी खड्डा खणून ठेवला होता. शुद्धीवर आली तेव्हा पापण्यांवर मेण होतं, मृताच्या डोळ्यांवर घालतात तसं. पुढे जवळजवळ तीन वर्षं अंग लुळं. काही मेंदूतज्ज्ञांनी अपस्माराचा अंदाज केलाय, तो एवढ्यावरून हसण्यावारी नेता येत नाही.

पण हा प्रश्न तिला तिच्या हयातीतच विचारला गेला, आणि फार कडक शब्दांत. आजोबा मूळचे ज्यू. छुपेपणाने जुना धर्म पाळल्याबद्दल १४८५ साली टोलेडोच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, त्यांना शिक्षा केलेली. अशा घरातल्या बाईने "मला ख्रिस्त दिसतो" म्हणणं म्हणजे विस्तवाशी खेळ. तिला सांगण्यात आलं, हा सैतान आहे, दिसला की बोटांमधून अंगठा काढून दाखव. तिथे ही शिवीच. आज्ञा म्हणून तिने तेही केलं, आणि मनातल्या मनात ख्रिस्ताची क्षमा मागत राहिली.

खरं सांगायचं तर मला तिच्या दर्शनांपेक्षा तिचा संशय जास्त आवडतो. तिच्या माहितीतली एक बाई आठ-आठ तास भान हरपून बसायची. त्यावर उपाय काय झाला? तपश्चर्या कमी, झोप जास्त, जेवण पोटभर. समाधी उतरली! आणि स्वतःचं अंग उचललं जातंय असं वाटलं तेव्हा तेरेसा सरळ जमिनीवर आडवी झाली, सोबतच्या सिस्टरांनी तिला धरून ठेवलं. प्रवचनाला सरदारघराण्यातल्या बायका आलेल्या, त्यांच्यादेखत. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिची कसोटी साधी होती: मागे काय उरतं ते बघा. माणूस नम्र झाला का, कामाला लागला का? तिचं स्वतःचं काम म्हणाल तर १५६२ पासून १५८२ साली मरेपर्यंत सतरा मठ, खेचरांच्या गाड्यांतून प्रवास, घरांच्या किमतीवरून घासाघीस, ढीगभर पत्रं. प्रार्थना म्हणजे बागेला पाणी, असं तिने लिहिलंय. आधी विहिरीतून शेंदायचं, मग रहाट, मग पाटाचं, आणि शेवटी पाऊस. वसईच्या वाड्यांत ज्यांनी रहाट चालताना पाहिलाय त्यांना यातला घाम समजावून सांगावा लागत नाही. पाऊस आपल्या हातात नाही, हेही त्यांना ठाऊक असतं. तिची दर्शनं त्या पावसात मोडतात, असं मी मानतो. पुरावा मागाल तर माझ्याकडे ते मठच आहेत, दुसरं काही नाही.

डॉक्टरमंडळींसाठी एक गोष्ट मात्र राखून ठेवलीय. १५७७ साली 'अंतरीचा किल्ला' लिहिताना डोक्यात दुथडी भरलेल्या नद्यांचा घोंघाट आणि पाखरांच्या शिट्ट्या चालू आहेत, असं तिने त्याच पुस्तकात नोंदवलंय. त्या आवाजांना तिने देव म्हटलं नाही. डोकं ठिकाणावर नाही, लिहिणं जड जातंय, एवढंच म्हणाली, आणि २ जूनला घेतलेलं ते पुस्तक २९ नोव्हेंबरला पुरं केलं.