स्टुलावरची डबी

मी रुग्णवाहिकेवर परिचारिका आहे. शेजाऱ्यांनी फोन करून आम्हांला बोलावले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ पलंग आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत उताणे पडले होते. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते. खुब्याचे हाड मोडल्याचा संशय यायला एवढी खूण पुरेशी असते. मला औषधांची बॅग ठेवायला जागा हवी होती. पलंगाजवळच्या स्टुलावर त्यांचा चष्मा आणि चष्म्याशेजारी एक लहान गोल डबी होती. मी दोन्ही वस्तू हाताने मागे सरकवल्या, बॅग ठेवली आणि कामाला लागले.

नाव विचारल्यावर त्यांनी नाव सांगितले. आज वार कोणता, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "उजव्या. उजव्या पायात." मी प्रश्न पुन्हा विचारला, त्यांनी पुन्हा पायाकडे बोट दाखवले. मी नोंद केली : बोलणे गोंधळलेले. १९७४ साली ग्लासगोच्या दोन मेंदूशल्यविशारदांनी तयार केलेली शुद्धीची गुणपट्टी आम्ही रोज वापरतो. तिच्यात डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच आणि हालचालीला सहा असे कमाल पंधरा गुण असतात. बोलणे गोंधळलेले असेल तर एक गुण कमी होतो. त्यांना चौदा गुण देऊन मी रुग्णालयात सुपूर्द केले.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या रुग्णाला घेऊन त्याच रुग्णालयात गेले असताना त्यांची मुलगी भेटली. ती परगावी राहणारी, आदल्या संध्याकाळी पोहोचलेली. ती म्हणाली, "सिस्टर, बाबांना काही समजत नाही असं धरून सगळे मलाच फोन करत होते. ऑपरेशनची संमतीसुद्धा माझीच घेतली. मलाही वाटलं, डोक्याला मार लागला असेल. इथे येऊन बघते तर कानाचं मशीनच नाही." ते मशीन त्या गोल डबीत होते.

मी लिहिलेल्या एका गुणाने एका शहाण्या, सावध माणसाचा स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय त्याच्या हातून काढून घेतला. पुढच्या प्रत्येकाने माझ्या नोंदीवर विश्वास ठेवला, आणि तो ठेवणे स्वाभाविकच होते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णाला रुग्णालयात भ्रम होण्याचा धोका मुळातच मोठा असतो, आणि चष्मा व श्रवणयंत्र जवळ नसेल तर तो आणखी वाढतो. म्हणजे मी जे चुकीचे लिहिले, ते खरे ठरण्याची तजवीजही माझ्याच हातून झाली होती.

व्यक्तिकेंद्री शुश्रूषा, म्हणजे आजाराऐवजी माणसाला मध्यभागी ठेवणारी देखभाल, हा शब्द मी त्याआधी अनेकदा ऐकला होता. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यावर समुपदेशनात ही दृष्टी रुजवली, टॉम किटवुड यांनी १९९०च्या दशकात ती स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या देखभालीत आणली, आणि स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात २०१० साली तिच्यासाठी स्वतंत्र संशोधन केंद्रच सुरू झाले. त्या केंद्रातील अभ्यासकांनी मांडलेली पद्धत साधी आहे : रुग्णाची हकीकत ऐकावी, त्याच्यासोबत मिळून निर्णय घ्यावा, आणि जे ठरले ते लिहून ठेवावे म्हणजे पुढच्याला ते पाळता येईल. हे सारे मला वॉर्डातल्या परिचारिकांसाठी आहे असे वाटत असे. जिच्याकडे रुग्ण आठ दिवस असतो तिने हकीकत ऐकावी. माझ्याकडे तो अर्धा-पाऊण तास असतो, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या पुष्कळांचा असतो आणि त्यांना मी दोष देत नाही. आमचे शिक्षणच क्रमाने होते : आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, आणि मग अंग उघडून तपासणी. हा क्रम माणसे वाचवतो आणि त्यात ढवळाढवळ करावी असे मी कधीही म्हणणार नाही. हृदय थांबलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब देत असताना त्याची हकीकत ऐकता येत नाही. तरीही त्या खोलीत त्याची बायको किंवा भाऊ उभा असतो. आमच्यापैकी एकाने दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे वळून काय चालले आहे ते दोन वाक्यांत सांगितले, आणि असे काही झाल्यास काय करावे याबद्दल ते कधी काही बोलले होते का एवढे विचारले, तर दाबांची लय बिघडत नाही.

पण असे प्रसंग थोडे असतात. बहुतेक रुग्ण शुद्धीवर असतात, बोलू शकतात किंवा त्यांच्याबद्दल बोलू शकणारे कोणी तरी शेजारी असते, आणि तिथे ऐकण्याने वेळ वाया जातो ही समजूत मला आता चुकीची वाटते. एका सकाळी वाचा गेलेल्या आणि एक बाजू लुळी पडलेल्या गृहस्थांकडे आम्ही गेलो होतो. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच द्यायचे असते, आणि ते तास रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला तिथपासून मोजायचे असतात. माझ्या सहकाऱ्याने तोच प्रश्न विचारला. पत्नी म्हणाली, "काल रात्री झोपताना." तसे असते तर औषधाची वेळ टळून गेली होती. पण बाई थांबल्या नाहीत, रात्री त्यांना झोप नीट लागली नाही इथपासून सांगू लागल्या. सहकारी स्ट्रेचरकडे वळला; मी सलाईनची सुई लावता लावता ऐकत राहिले. चौथ्या-पाचव्या वाक्यात त्या म्हणाल्या की पहाटे जाग आली तेव्हा ते धाकट्या भावाशी फोनवर बोलत होते, कशावरून तरी हसतही होते. फोन पाहिला, तर तो सहा वाजून चाळीस मिनिटांनी लावलेला होता. तेव्हा साडेसात वाजले होते. आम्ही मोजत असलेला सगळा काळ त्या एका वाक्याने बदलला, आणि ते वाक्य प्रश्नावलीतून आले नव्हते.

स्वीडनमध्ये २००५ सालापासून आपत्कालीन रुग्णवाहिकेवर नोंदणीकृत परिचारिका असणे आवश्यक आहे, आणि नेदरलँड्समध्येही रुग्णवाहिकेवर चालकासोबत सहसा विशेष प्रशिक्षित परिचारिका असते. स्वीडनमध्ये औषधे देण्याचा अधिकार हा यामागचा एक मुख्य मुद्दा होता. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या वस्तूंमध्ये कसा असतो हे आरोग्यसेवेतल्या फार थोड्या लोकांना पाहायला मिळते. तपासणीच्या खाटेवर आलेल्या रुग्णाच्या अंगावर फक्त रुग्णालयाचे कपडे असतात. त्याच्या उशाशी काय होते, तो कुठल्या कुशीवर झोपतो, दाराशी कुबडी होती की सायकल, हे आम्हीच पाहिलेले असते, आणि आम्ही सांगितले नाही तर ते पुढे कोणालाही कळत नाही.

सुपूर्द करताना आम्ही ठरलेल्या क्रमाने बोलतो : कोण, काय झाले, आधीचे आजार, आत्ताची अवस्था, आमचे म्हणणे. हे सगळे एका मिनिटात संपते, आणि रुग्ण मध्यभागी पडून स्वतःबद्दलचे ऐकत असतो. मी आता शेवटी एक वाक्य वाढवते, आणि ते वाक्य काय असावे हे गाडीतच रुग्णाला विचारून ठेवते : "आत गेल्यावर त्यांनी तुमच्याबद्दल काय लक्षात ठेवावं असं तुम्हांला वाटतं?" मिळणारी उत्तरे मला कधीच आधी सुचली नसती. एका बाईंनी सांगितले, "मला आडवं झोपवू नका म्हणावं, जीव गुदमरतो." एक तरुण म्हणाला की सुई टोचताना पाहिले तर त्याला चक्कर येते, पण कधी टोचणार ते आधी कळायला हवे. एका आजींना तर फक्त एवढेच हवे होते की त्यांना कोणी आजी म्हणू नये. आयुष्यभर शाळेत शिकवले, बाई म्हणा.

ही हाक मारण्याची गोष्ट मी फार उशिरा मनावर घेतली. वय पाहून आजोबा, काका, मावशी म्हणण्यात आपुलकीच असते आणि अनेकांना ते आवडतेही. तरी एकदा विचारावे, "तुम्हांला काय म्हणू?" भीतीने गोठलेला माणूस या प्रश्नावर पहिल्यांदा आपल्याकडे बघतो, असे मी वारंवार पाहिले आहे. त्याच वेळी तो पूर्ण वाक्य बोलू शकतो की धाप लागून मध्येच तोडतो, ओठ वाकडे होतात का, शब्द जड पडतात का, हेही मला दिसते. तपासणी आणि आस्था यांच्यासाठी वेगवेगळा वेळ काढावा लागत नाही.

काही गोष्टी अगदी हातांच्या आहेत. खुर्चीवर बसवून जिन्याने खाली नेताना माणूस घाबरून कठडा धरतो, आणि त्या एका झटक्याने आम्हां दोघांचा तोल जाऊ शकतो. "हात आत ठेवा" असे ओरडण्यापेक्षा, उचलण्याआधी समोर गुडघ्यावर बसून मी सांगते की आता खुर्ची मागे कलेल, पडल्यासारखे वाटेल, पण आम्ही धरलेले आहे. तुम्ही दोन्ही हात छातीवर एकमेकांत धरा आणि मी पायरी मोजेन तशा मोजा. मोजणारा माणूस कठडा धरत नाही. कपडे कापावे लागतात तेव्हा, जीव धोक्यात नसेल तर, मी आधी विचारते आणि शिवणीवरून कापते, म्हणजे ते पुन्हा शिवता येतात. हाताने विणलेला स्वेटर असेल तर वेदनाशामक देऊन, थोडे थांबून, दुखऱ्या हातातून तो शेवटी काढते. दोन-चार मिनिटे जास्त लागतात आणि बहुतेक वेळा ती आपल्याकडे असतात.

रुग्ण रुग्णालयात यायला नकार देतो तेव्हा मात्र मला अजूनही अवघड जाते. समजून-उमजून नकार देणाऱ्या प्रौढ व्यक्तीला जबरदस्तीने नेता येत नाही, आणि सही घेऊन निघून जाणे सोपे असते. मी कारण विचारते. कारण बऱ्याचदा आजाराच्या बाहेरचे निघते : घरात कोणी तरी अवलंबून आहे, मागच्या वेळी तिथे अपमान झाला होता, परत कसे यायचे हे ठाऊक नाही. यातल्या काहींवर दहा मिनिटांत मार्ग निघतो. काहींवर निघत नाही. मग कोणती लक्षणे दिसताच पुन्हा फोन करायचा हे आम्ही दोघे मिळून ठरवतो आणि मी ते मोठ्या अक्षरांत लिहून देते. त्या रात्री मला झोप लागत नाही, हेही खरे आहे.

त्या गृहस्थांना मी वॉर्डात जाऊन भेटले. चष्मा होता, मशीन कानात होते. मी कोण ते सांगितले, डबी मी सरकवली होती हेही सांगितले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही दुखण्याचं औषध दिल्याशिवाय मला हलवलं नाहीत, ते माझ्या लक्षात आहे. पण बाकीच्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते, दोन दिवस." मला त्यावर काही बोलता आले नाही.

आता घरातून निघण्याआधी, स्ट्रेचर दाराबाहेर जाण्यापूर्वी, मी खोलीत एकदा मागे वळून उशाकडची जागा पाहते. चष्मा, कानाचे मशीन, दातांची कवळी, घराची किल्ली. मशीन मी जागेवरच कानात घालायला देते आणि ते घातल्यावरच वार कोणता ते विचारते.