कलांचो, नोंद सातवी : पेरं आखडली, आता अंधाराचं बघायचं

आज सकाळी मोजपट्टी लावली, खात्री होईना म्हणून पुन्हा लावली. कलांचो या जाड पानांच्या फुलझाडाच्या ‘ब’ कटिंगचं (याच्यावर दिवा जवळ) सगळ्यात नवं पेर, म्हणजे पानांच्या दोन जोड्यांमधलं खोड, १.२ सेंमी भरलं. त्याच झाडाच्या, त्याच दिवशी लावलेल्या ‘अ’चं (याच्यावर दिवा लांब) ४.१. या दोन आकड्यांसाठी पाच आठवडे थांबले होते, आणि अजूनही येता-जाता कुंडीपाशी जाऊन बघते आहे.

मागची नोंद लिहिली तेव्हा मी अगदी हिरमुसले होते. शेंड्याच्या दुसऱ्या खुडणीनंतर आलेले चारही फुटवे पुन्हा तसेच किडकिडीत निघाले होते. पानं मोठी, पातळ, एकमेकांपासून लांब, आणि सगळी खिडकीकडे झुकलेली. खुडणीवरचा माझा भरवसाच चुकीच्या जागी होता. शेंडा गेला की वरून खाली उतरणारं ऑक्सिन हे संप्रेरक थांबतं आणि बगलेतले डोळे जागे होतात, इतकं खरं. पण जागे झालेले डोळे वाढणार त्याच उजेडात! खुडणीनं फुटवे वाढतात, पेराची लांबी तिच्या हातात नसते.

संशय नत्रावर होता, पाण्यावर होता, उजेडावर मात्र नव्हता, कारण वर ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) आहे ना. नत्र मी दोन महिने बंदच ठेवलं. पानं थोडी फिकटली, पेरं तेवढीच लांब राहिली. पाणीही मिश्रण पूर्ण वाळल्यावरच देत होते. मग एकदाचा फोनवरचा उजेड मोजणारा लक्स मीटर पानाच्या पातळीला धरला. दिवा ४५ सेंमीवर, आकडा १,१००. दिव्याखाली डोळ्यांना इतकं लख्ख वाटत होतं की हा आकडा खरा वाटेना. पण आपली बुबुळं जुळवून घेतात, झाड घेत नाही. दिवा १५ सेंमीवर आणला तर ९,२००. अंतर तिसरा हिस्सा केलं की उजेड नऊपट व्हायला हवा, तो जवळजवळ तेवढा झालाच.

तिथून ‘अ’ आणि ‘ब’ निघाले. मिश्रण एकच (निम्मं पर्लाइट, म्हणजे हलके पांढरे खडे), खत एकच, दिवा दोघांवरही चौदा तास. ‘अ’ ४५ सेंमीवर, ‘ब’ १५ वर. दुसऱ्या आठवड्यात ‘ब’च्या पानांच्या कडा लालसर झाल्या आणि मी घाबरून दिवा वर घेणारच होते. पण पानं कडक होती, कुठे पांढुरका डाग नव्हता, म्हणून हात आवरला. बरं झालं. तो लाल रंग भरपूर उजेडाचा होता, करपण्याचा नव्हे.

दिव्यांबद्दल एक सांगतेच. खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर दिवा घेऊ नका. माझ्या दिव्यावरचा मोठा आकडा ‘समतुल्य’ होता, प्रत्यक्ष खप त्याच्या पाव हिश्श्याहूनही कमी. आणि जांभळ्या दिव्यांपेक्षा साधा पांढरा एलईडी मला केव्हाही बरा वाटतो. पानाचा खरा रंग दिसतो, कीड वेळेवर दिसते. शिवाय फोनचा लक्स मीटर जांभळ्या उजेडात फसतो, पांढऱ्यात निदान तुलनेपुरता तरी चालतो.

मूळ झाडाची ताणलेली पेरं काही परत आखडणार नाहीत. ते खालची तीन पेरं ठेवून छाटलं, आणि परवा पान नसलेल्या पेरावर दोन हिरवे ठिपके दिसले. उघड्या देठातून फूट येईल अशी मला आशाच नव्हती! फार आनंद झाला.

आता कळ्यांचं. चौदा तासांच्या उजेडानं ‘ब’ आटोपशीर झाला, पण तोच उजेड फुलांच्या आड येतो. कलांचोला कळी धरायला रोज साधारण चौदा तास सलग अंधार लागतो, तोही सहा आठवडे. मध्येच खोलीतला दिवा लागला तरी रात्र तुटते. म्हणून संध्याकाळी सहा ते सकाळी आठ कुंडी कपाटात ठेवायचं ठरवलं होतं. पण मग दिवसाचे दहाच तास उरतात, उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो आणि नवी पेरं पुन्हा ताणली जाण्याची भीती.

हे लिहितानाच सुचलं, कपाट कशाला? मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्यायचा, आतून पांढरा कागद लावायचा, दिवा वरच्या उघड्या तोंडातून १५ सेंमीवर सोडायचा. दिवसा बाजूंनी उजेड परतून खालच्या पानांनाही मिळेल, रात्री दिवा काढून वर झाकण. कलांचो पर्णरंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) रात्री उघडतो आणि त्यांतून वाफ सुटते, त्यामुळे आत दमट हवा कोंडायला नको. मागच्या बाजूला दोन भोकं आणि त्यांत काळ्या कागदाच्या वाकड्या नळ्या, म्हणजे हवा जाईल, उजेड शिरणार नाही.

खोक्यात फक्त ‘ब’ जाणार. ‘अ’ आज छाटून १५ सेंमीवर आणला. मूळ झाडाच्या फुटव्यांना पानांच्या तीन जोड्या आल्याशिवाय त्याला अंधारात घालणार नाही, कारण कळी धरली की तो शेंडा पुढे वाढत नाही. खोका कापून झालाय, कागद चिकटवतेय. पहिलं झाकण आज सहाला.