ओळखीच्या माणसाची शंका

"ओळखीतलंच कुणीतरी माझ्या कॉम्प्युटरमध्ये डोकावतंय असं वाटतंय. कसं कळेल?" हे मला बरेच जण विचारतात, आणि त्यातले निम्मे लगेच पुढे म्हणतात, "उगाच संशय घेतेय की काय, कोण जाणे." तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

आधी त्या 'उगाच'बद्दल. अनोळखी चोराची भीती वाटली तर आपल्याला संकोच वाटत नाही. ओळखीच्या माणसाबद्दल शंका आली की मात्र मनाला खातं, आणि मग माणसं गप्प बसतात. मेल लिहितानाही ती शब्द तोलू लागतात. हे मला फार वाईट वाटतं. आपलं खातं बंदिस्त करायला कुणाचा गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही.

लोक लक्षणं सांगतात ती अशी: पंखा जोरात फिरतो, माउसचा बाण आपोआप हलला, मशीन संथ झालं. त्यावरून फारसं काही ठरत नाही. अपडेट चालू असेल किंवा टचपॅड बिघडला असेल तरी हेच होतं. मी उलट विचारते, त्या व्यक्तीला कळायला नको असं नेमकं काय कळलं? मेलमधलं, चॅटमधलं, की फक्त या मशीनवर ठेवलेल्या फाइलमधलं? बहुतेक वेळा उत्तर पहिल्या दोहोंपैकी असतं. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये कुणी शिरलेलं नसतं, तुमचं खातं दुसरीकडे उघडं असतं. ओळखीच्या माणसाला हॅकिंग यावं लागत नाही. कधीतरी मशीन त्याच्या हातात दिलेलं असतं, पिन त्याच्यासमोर टाकलेला असतो, तेवढं पुरतं. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड विंडोजच्या त्याच पिनने उघडून वाचता येतात.

म्हणून खात्यांपासून सुरुवात करा. कॉम्प्युटरवर जीमेलच्या इनबॉक्सच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात 'डिटेल्स' असतं. खातं अलीकडे कुठून उघडलं गेलं ते तिथे दिसतं. शहराचं नाव चुकू शकतं, त्यावरून घाबरू नका; अनोळखी डिव्हाइस मात्र गांभीर्याने घ्या. मग सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर पाहा. ही जागा हमखास राहून जाते. तुमचा मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात असेल, तर पासवर्ड बदलला तरी तो जातच राहतो. रिकव्हरीसाठी दिलेला फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना, तेही बघा. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. फोनशिवाय आणखी चार डिव्हाइस जोडता येतात आणि तुमचा फोन बंद असला तरी ती चालतात.

आता मशीन. इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम तारखेनुसार लावून पाहा. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुसरीकडे बसून तुमचं मशीन चालवू देणारे प्रोग्रॅम) कुणीतरी मदत करताना टाकलेलं असतं, आणि त्यात कायमचा पासवर्ड ठेवला असेल तर समोर कुणी 'हो' म्हणायची गरज उरत नाही. दोन्ही प्रोग्रॅम आलेल्या कनेक्शनची नोंद स्वतःच्या लॉग फाइलमध्ये ठेवतात. मशीनवर काय काय घडलं याची नोंदवही म्हणजे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर; त्यातल्या सिक्युरिटी लॉगमध्ये, 4624 क्रमांकाची नोंद म्हणजे यशस्वी लॉगिन. ती शेकड्याने दिसेल, कारण विंडोजचं स्वतःचं कामही त्यात येतं. त्यात लॉगऑन टाइप 10 असेल तर कुणीतरी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, आत आलेलं आहे.

काही सापडलं तर लगेच पुसू नका. आधी तारीख-वेळ दिसेल असे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा.

पासवर्ड बदलायचे ते त्या व्यक्तीच्या हाती कधीच न गेलेल्या डिव्हाइसवरून. याच मशीनवर कीबोर्डवर टाइप केलेलं टिपून घेणारा प्रोग्रॅम असेल, तर नवा पासवर्डही तुम्ही आपल्या हाताने देऊन बसाल. पहिला नंबर ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. सोबत टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) चालू करा आणि सगळीकडून साइन आउट करा. मशीनवरचा विश्वास उडालाच असेल तर कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. प्रोग्रॅम एकेक शोधत बसण्यापेक्षा ते बरं.

ती व्यक्ती घरातलीच असेल आणि तिची भीती वाटत असेल, तर हे सगळं थांबवा. अचानक वाट बंद झाली की तिला कळतं, आणि त्याचा राग कुणावर निघेल हे तुम्हीच जाणता. आधी दुसऱ्या फोनवरून विश्वासातल्या माणसाशी बोला, सुरक्षित जागेची सोय बघा. पासवर्ड त्यानंतर.

"सरळ त्यालाच विचारू का?" असंही विचारतात. माझं मत, आधी नको. विचारलंत की खुणा पुसायला वेळ मिळतो. निमूटपणे सगळं बदला आणि कुणाला सांगू नका. पासवर्ड बदलल्याचं इतरांना कळायचं काही कारण नसतं. तरीही कुणी आपणहून येऊन "लॉगिनला काही अडचण आहे का, बघून देऊ का?" असं म्हणालं, तर "नको" म्हणा, आणि त्या संभाषणाची तारीख त्या फोटोंच्या शेजारी लिहून ठेवा.