‘नुसता अशक्तपणा आहे’ म्हणून आणलेले पेशंट

मे महिना लागला की आमच्याकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ च्या पुढे जातो, आणि ओपीडीत ताप-खोकल्यापेक्षा जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे अशक्तपणा. धुळे-अमळनेरकडची मंडळी आली की सरळ अहिराणीत सांगतात, "डाक्टरसाहेब, आंगमा ताकदच नही शे, येक सलाईन लाई द्या." म्हणजे आजारही त्यांनीच ठरवला आणि उपचारही. मी एमडी मेडिसिन आहे, फिजिशियन. आमच्या ब्रँचमध्ये हृदय, किडनी, थायरॉइड, रक्त, मेंदू, शुगर सगळंच येतं, आणि खरं सांगते, या सगळ्या अवयवांचे आजार पेशंटच्या तोंडून बऱ्याचदा याच एका शब्दातून बाहेर येतात. म्हणून मला या शब्दाची फार काळजी वाटते. ज्या पेशंटला छातीत दुखतं त्याला घरचे लगेच गाडीत घालून आणतात, ज्याला "नुसता अशक्तपणा" आहे तो चार दिवस गावातच सलाईन लावून पडून राहतो.

आधी सलाईनचं सांगते, कारण त्यावर विश्वास फार आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजची ५०० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅम साखर, जास्तीत जास्त १०० कॅलरी. आपल्या रावेर-यावलच्या एका मध्यम केळ्यात साधारण तेवढ्याच कॅलरी असतात. आणि साध्या नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. उलट्या-जुलाबानं पाणी गेलं असेल, ऊन लागून बीपी खाली आला असेल तर सलाईन जीव वाचवतं, त्याबद्दल दुमत नाही. पण हृदय कमजोर असलेल्या माणसाला तेच साडेचार ग्रॅम मीठ आणि अर्धा लिटर पाणी तासाभरात शिरेतून दिलं तर रात्री त्याला आडवं झोपता येत नाही, दम लागतो, फुप्फुसात पाणी भरतं. असे पेशंट आम्ही रात्री दोन वाजता घेतो.

आता एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बाकीचा तपशील बदललाय. यावलकडचे एक आबा, साठीच्या पुढचे, घरची केळीची बाग. शुगर जुनी, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की वाढणारा आकडा) दोनच्या आसपास म्हणजे किडनी निम्म्याहून कमी चालतेय पण त्यांना काही त्रास नव्हता त्यामुळे घरी कुणाच्या ते फार डोक्यात नव्हतं. पायावर सूज आली म्हणून कुठूनतरी स्पायरोनोलॅक्टोनची गोळी सुरू झालेली. त्यात शेजारच्यांनी सांगितलं की बीपीवाल्यांनी साधं मीठ खाऊ नये, म्हणून घरात लो सोडियम मीठ आलेलं. आणि केळीची कापणी चालू, मग येता-जाता दोन-तीन केळी रोजची. चार दिवसांपासून अशक्तपणा, गावात सलाईन झाली, वर नातेवाइकांनी नारळपाणी पाजलं, आणि त्या दिवशी सकाळी आबांना खाटेवरून पायच उचलता येईनात. मुलगा म्हणाला, "मॅडम, ऊन लागलं असेल, एक ताकदीची बाटली लावा, संध्याकाळी घरी नेतो."

नाडी पाहिली तर ४० च्या आसपास. माणूस बोलतोय, ओळखतोय, नाव सांगतोय, पण पाय लुळे आणि नाडी ४०. ईसीजी काढला आणि कागद बाहेर येता येताच कळलं. टी-वेव्ह उंच आणि टोकदार, पी-वेव्ह जवळपास गायब, क्यूआरएस पसरट झालेला. म्हणजे रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलंय की हृदय कधीही थांबू शकतं. असा ईसीजी बघून पोटॅशियमच्या रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. रिपोर्ट नंतर आला, ७.४. नॉर्मल साडेतीन ते पाच. पाच वेगवेगळ्या बाजूंनी पोटॅशियम वाढत होतं: किडनी बाहेर टाकत नव्हती, टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही ते अडवून धरत होते, लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइडच घातलेलं असतं, आणि वरून केळी नि नारळपाणी. यातली कुठलीही एक गोष्ट एकटी असती तर आबा कदाचित चालत आले असते.

अशा वेळी पहिलं औषध कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिली शिरेतून हळूहळू, मॉनिटरवर नजर ठेवून. लोकांना वाटतं त्यानं पोटॅशियम उतरतं, तसं होत नाही, ते फक्त हृदयाच्या स्नायूला तेवढ्यापुरतं सांभाळून घेतं, अर्धा ते एक तास. त्या काही मिनिटांत स्क्रीनवर पसरट क्यूआरएस पुन्हा निमुळता व्हायला लागला, सिस्टर आणि मी दोघी त्या रेषेकडेच बघत होतो. त्या मिळालेल्या वेळात इन्सुलिन आणि ग्लुकोज द्यायचं म्हणजे पोटॅशियम रक्तातून पेशींत जातं, सोबत सालब्युटामोल या दम्याच्या औषधाची वाफ, आणि शरीराच्या बाहेर काढायचं तर त्यांच्या किडनीच्या अवस्थेत डायलिसिस. तो त्याच दिवशी झाला. तिसऱ्या दिवशी आबा वॉर्डात फिरत होते आणि मुलगा विचारत होता, "पण मॅडम, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या केळीच खातोय, केळीनं कुणाला काय झालंय?"

प्रश्न बरोबरच आहे, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे, नाहीतर गावभर होतं की डॉक्टरनं केळी बंद करायला सांगितली. ज्याची किडनी चांगली त्याला केळी उत्तम, रोज खा. ज्याचं क्रिएटिनिन वाढलंय, आणि बीपीची किंवा पायाच्या सुजेची वरच्यासारखी गोळी चालू आहे, त्यानं केळी, नारळपाणी, लो सोडियम मीठ या तिन्हीबद्दल आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवायचं. बटाट्यासारख्या भाज्या सोलून, कापून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तर बरंचसं पोटॅशियम निघून जातं. आपलं भरीत अख्खं वांगं भाजून होतं, तिथे पाणी फेकायला वाव नाही, म्हणून अशा पेशंटनं वाटीभर खावं, ताटभर नाही. आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, त्या किडनी आणि हृदयासाठीच दिलेल्या असतात, फक्त चालू केल्यावर आणि डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. ही तपासणी स्वस्त आहे, तालुक्याला होते. पण लिहून दिली तरी पेशंट करत नाहीत कारण बरं वाटत असतं.

दुसरा एक प्रकार आहे जो मला जास्त छळतो, तो पुड्यांचा. गुडघेदुखी, कंबरदुखी, दमा यासाठी बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या मिळतात, आठवडी बाजारात, ओळखीतून, कुणाच्या पत्त्यावरून. दोन दिवसांत आराम पडतो, इतका आराम की माणूस शेतात कापूस वेचायला जातो. एवढा झटपट आराम देणाऱ्या अशा कितीतरी पुड्यांत स्टेरॉइड निघतं. वर्ष-दोन वर्षं बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीरातली अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं काम थांबवते. मग एक दिवस पुड्या संपतात, किंवा देणारा माणूस गावाला जातो, आणि पेशंट कोसळतो.

साक्रीकडच्या एक मावशी अशाच आल्या होत्या. उलट्या, अशक्तपणा, बीपी ८० वर, शुगर ५८, सोडियम १२२. चेहरा गोल भरलेला आणि हात-पाय मात्र काड्या, हातावर जागोजागी काळे-निळे डाग, कातडी इतकी पातळ की चिकटपट्टी काढताना सोलली. घरचे सांगत होते कुठलंच औषध चालू नाही. मी सुनेला बाजूला बोलावून विचारलं की ताई, गुडघ्यासाठी काही घेत होत्या का, डॉक्टरचं नसलं तरी चालेल, मी रागावणार नाही. तेव्हा तिनं सांगितलं, हो, पुड्या होत्या, पंधरा दिवसांपूर्वी संपल्या. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइडच, १०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं, सोबत ग्लुकोज आणि सलाईन, इथे सलाईन खरंच लागत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी उठून बसल्या आणि चहा मागितला. पण त्यांची स्टेरॉइडची गोळी कितीतरी महिने टप्प्याटप्प्यानं कमी करावी लागली, आणि त्या काळात ताप आला, ऑपरेशन निघालं तर डोस वाढवायचा हे घरातल्या प्रत्येकाला शिकवावं लागलं. घरच्यांनी पुडी लपवली याचा मला राग येत नाही. याआधी कुणीतरी त्यांच्यावर ओरडलेलं असतं म्हणून ते लपवतात. आपण डॉक्टरांनी ओरडणं बंद करायला पाहिजे, तरच खरी हिस्ट्री मिळेल.

मग रक्त कमी असणारे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, पण अ‍ॅनिमिया दिसला की लोहाची गोळी इतकं ते सोपं नाही. आमच्या जळगावात शाकाहारी घरं भरपूर, तिथे बी-१२ ची कमतरता खूप बघते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखीच. हे पेशंट सांगतात की पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, अंधारात मोरीकडे जाताना तोल जातो. ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्यावर ठेवला तर कंप जाणवत नाही. यांना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट बघून सगळे खूश, आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील तर सीबीसी या रक्ततपासणीतला एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, नॉर्मल येऊ शकतो, एक कमतरता पेशी लहान करते, दुसरी मोठी करते, सरासरी बरोब्बर मधे. म्हणून रिपोर्टचा नुसता लाल-काळा आकडा न बघता पेशंटचे पाय बघायचे.

सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावलच्या वरच्या पाड्यांवर, पावरा-भिल्ल समाजातला पोरगा अशक्तपणा आणि हातपाय दुखण्यानं वारंवार येत असेल तर सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीच पाहिजे. वात आहे म्हणून दुखण्याची इंजेक्शनं देत राहणं बरोबर नाही. या आजारात लोहाच्या गोळ्यांनी मूळ प्रश्न सुटत नाही. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतलं तर दुखण्याचे झटके कमी होतात. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी तपासणी. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून देशभराचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालंय, त्यात ही तपासणी येते. आपल्या पोरांची करून घ्या.

बाकीचेही आहेतच. शुगरवाला, वजन उतरतंय, संध्याकाळी अंग कोमट, दोन आठवड्यांच्या वर खोकला, त्याचा बेडका तपासायचा, टीबी निघतो. औषध सरकारी मोफत आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात. सुस्ती, बद्धकोष्ठ, केस गळणं, पाळीत अंगावरून जास्त जाणं असेल तर टीएसएच ही थायरॉइडची तपासणी. म्हाताऱ्या आजी, बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध, उन्हाळ्यात जेवण कमी आणि नुसतं पाणी-पाणी, मग सोडियम १३५ च्या बरंच खाली घसरतं आणि आजी असंबद्ध बोलायला लागतात, घरच्यांना वाटतं वय झालं. हे सोडियम हळूच वर न्यायचं असतं, २४ तासांत साधारण आठच्या वर नाही, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. तेव्हा "लवकर भरून काढा ना" म्हणून सिस्टरच्या मागे लागू नका.

आणि उपवास. चतुर्थी, एकादशी, कानबाईच्या सणाचं घरातलं काम, आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र सकाळी घेतलेली. दुपारी घाम, थरथर, अशक्तपणा. आधी साखर चाटवा, तीन-चार चमचे, शुद्धीत असतील तरच, आणि मग दवाखान्यात आणा, कारण या गोळीनं उतरलेली शुगर एकदा वर येऊन पुन्हा खाली जाते.

माझं मागणं थोडं आहे. येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा, पुड्या, काढे, मीठ कुठलं वापरता त्याचं पाकीटसुद्धा, जुने रिपोर्ट तारखेनं लावून. "काय काम करता" आणि "काय खाता" हे मी विचारते तेव्हा वेळ काढत नसते. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचा घाम-लाळ-अशक्तपणा आणि नुसतं ऊन लागलेल्याचा अशक्तपणा यांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत आणि तो फरक त्या एका उत्तरात असतो.

आणि सकाळपर्यंत थांबायचं नाही असा अशक्तपणा कुठला, तर शुगरवाल्या माणसाला अचानक घाम फुटून आलेला, कारण त्यांना हार्ट अटॅक छातीत न दुखता येऊ शकतो. एकाच बाजूचा हात-पाय गेलेला. पाय उचलता येत नाहीत आणि नाडी फार हळू किंवा फार जोरात. शौच डांबरासारखी काळी. बोलताना असंबद्ध. यातलं काहीही दिसलं तर बाटली लावणारा शोधू नका, १०८ ला फोन करा आणि गोळ्यांची पिशवी गाडीत टाका.