पिठावरची पावलं

पुण्यातल्या एका छोट्या पुरातत्त्व संग्रहालयात मी येणाऱ्यांना माहिती सांगते. सहलीच्या हंगामात शाळांमागून शाळा येतात आणि मुलांचे प्रश्न ठरलेले असतात: हे खरं आहे का, विकलं तर किती मिळतील, रात्री इथे भूत येतं का. त्या दिवशीची शाळा शिरूरकडची होती. इनामगाव त्यांच्याच तालुक्यातलं, पण मुलांपैकी कुणीच ते पाहिलेलं नव्हतं.

मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. घोड नदीकाठची ही वस्ती. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकरी राहत होते आणि आपली माणसं बहुतेक वेळा राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत होते. तान्ही मुलं गेली की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि मूल त्यात. मोठ्यांना मात्र डोकं उत्तरेला करून उताणं निजवायचे आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असायचे. इथे मुलं एकदम गप्प होतात. मग एकदम सगळीच बोलायला लागतात.

गुरुजींनी मध्येच मोबाइलवर आलेला तो मजकूर सांगितला. मांडीचं मोडलेलं हाड जुळलेलं सापडलं, तिथे माणुसकी सुरू झाली, असं एक मोठ्या विदुषी म्हणाल्या होत्या म्हणे. आता गुरुजींना मुलांसमोर कसं खोडायचं? पण जंगलातल्या गिबन माकडांच्या सांगाड्यांतही जुळलेली हाडं बरीच सापडतात, तेव्हा नुसत्या हाडाने भागत नाही. त्यापेक्षा मी इराकमधल्या शानिदर गुहेतल्या एका निअँडरथलचं, म्हणजे आता नामशेष झालेल्या मानवजातीतल्या माणसाचं सांगितलं. डोळ्याजवळ जबर मार, एक हात कोपरापासून गेलेला, पायाने अधू, बहुधा बहिराही, आणि तरी तो चाळिशीपर्यंत जगला. हे एकट्याने जमणारं नव्हे. गुरुजींनी मान डोलावली आणि मुलांना नाण्यांच्या दालनाकडे हाकललं.

मागे राहिल्या त्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी. कुंभांच्या काचेला नाक लावून उभ्या.

"ताई, आमच्यात बी तान्ह्याला जाळत न्हाईत. पुरत्यात." थोड्या वेळाने म्हणाल्या, "संगं काय दिलं हुतं?"

असं सहसा कुणी विचारत नाही. मी वाडगा आणि तोटीचं भांडं दाखवलं. मग त्याच काळातल्या नेवाश्याच्या वस्तीत पुरलेल्या मुलाचं सांगितलं. त्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याचा गंज धाग्यात उतरला, त्यामुळे तो कुजला नाही. तीन हजार वर्षांनंतर तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही निघालं.

"रेशीम?" मावशींनी स्वतःच्या गळ्यातली पोत चाचपली. "म्हंजे आईनं दिली आसंल."

आई की आणखी कुणी, ते हाडं सांगत नाहीत. पण एक गोष्ट मला तिथे स्पष्ट दिसते. शानिदरच्या म्हाताऱ्याला घास भरवला तर तो जगला, त्या घासाचा उपयोग होता. गेलेल्या लेकराला माळेचा काय उपयोग? तरी घातली. त्याच्यावरची माया त्याच्याबरोबर संपली नाही, आणि मायेला कुणीतरी समोर लागतं. मग ते लेकरू कुठेतरी आहे, असं धरून चालावंच लागतं. आत्म्याची कल्पना अशा एखाद्या ओट्यावर जन्मली असावी असं मला वाटतं. तत्त्वज्ञान त्यावर फार नंतर आलं.

"आन पाय का तोडलं?" मावशींनी विचारलंच.

मेलेल्याने भूत होऊन हिंडू नये म्हणून, किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून, असं अभ्यासक म्हणतात, हे मी सांगितलं.

"आमच्यात दिव्याखाली पीठ पसरत्यात. पाटी पालथी घालायची. मग बघायचं, कुणाचं पाऊल उमटलंय. पाखराचं, गाईचं. सासऱ्याच्या येळी चिमणीचं निघालं." मावशी हसल्या. "म्हंजे गेलेल्याला पाय असत्यातच की, ताई. ह्या लोकांस्नी बी ठावं हुतं."

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. पीठ आणि कुऱ्हाड यांच्यामध्ये तीन हजार वर्षं आहेत आणि त्यांना जोडणारा पुरावा माझ्याकडे नाही. पण दोन्ही घरांत एकच गोष्ट गृहीत आहे: गेलेला माणूस चालतो. कुणी त्याची वाट बघतं, कुणी त्याची वाट अडवतं. आणि माळ घालणारे हात व पाय तोडणारे हात एकाच काळातल्या लोकांचे, कदाचित एकाच घरातलेही. भीती आणि माया वेगवेगळ्या कपाटांत मांडायची सवय आम्हा संग्रहालयवाल्यांची.

"लेकरांचं तोडलं न्हाईत ना?"

मी म्हटलं, ती चाल मोठ्यांची.

"बरूबर हाय. त्येला चालताच येत न्हवतं, कुठं जातंय ते."

शेवटी त्यांना इनामगावच्याच चार पायांच्या मातीच्या रांजणाचा फोटो दाखवला. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात तो सापडला. आत बसवलेला माणूस, पाय शाबूत.

"पाटील आसंल," मावशी लगेच म्हणाल्या. "त्येचं पाय कोन तोडंल?"

तिथे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ मधुकर ढवळीकर यांनीही तो वस्तीचा प्रमुख असावा असंच मांडलं आहे, फक्त बरीच पानं खर्च करून. हे ऐकून मावशींना फार आनंद झाला. बस सुटेपर्यंत त्या ते दोन मुलींना सांगत होत्या.

आता मी क्रम बदलला आहे. आधी माळ, मग कुंभ, मग पाटील, आणि तोडलेले पाय अगदी शेवटी. ते आधी सांगितले की पोरं पुढचं काही ऐकतच नाहीत.