चार उभ्या, एक आडवी

एप्रिलात मी एका हेरिटेज वॉकला जाऊन आलो. खरं तर भाचीने पैसे भरले होते, तिला ऐनवेळी ऑफिसात काम निघालं, म्हणून ‘मामा, तू जा, तुझीच जागा आहे ती’ असं म्हणून तिने मला पाठवलं. माझीच जागा म्हणजे मुंबईची गोदी. ज्या रस्त्याने मी बावीस-तेवीस वर्षं हजेरीला गेलो, तोच रस्ता बघायला लोक पैसे भरून टोप्या घालून आले होते. मला गंमत वाटली. थोडा मानही वाटला, खोटं कशाला सांगू.

गाईड मुलगा चुणचुणीत होता. बॅलार्ड इस्टेटच्या कमानी, दगडी इमारती, १८७३ सालचं पोर्ट ट्रस्ट, १८८० सालची प्रिन्सेस गोदी, सगळं नीट सांगत होता. मग १४ एप्रिल १९४४ आला, गोदीतल्या मोठ्या स्फोटाचा दिवस. व्हिक्टोरिया गोदीत लागलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज, पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, त्यावर कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या, आणि सोनं. सोन्याचं नाव निघालं तशी मागे रेंगाळणारी माणसंसुद्धा पुढे सरकली. ३१ खोकी, प्रत्येकात चार विटा, म्हणजे १२४ विटा, एकेक साडेबारा किलोच्या वर. एक वीट उडून पार गिरगावात एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली, वगैरे वगैरे. ‘अजून सापडतात का हो?’ एका बाईंनी विचारलं. पुढे कितीतरी वर्षांनी गाळ उपसताना सापडल्या होत्या, हेही त्याला पाठ होतं.

मी विचारलं, ‘आणि माणसं किती गेली?’

‘आकडे वेगवेगळे आहेत, काका,’ तो म्हणाला.

बरोबर बोलला तो. कुठे सातशे-आठशे लिहिलेले सापडतात, कुठे तेराशे. विटांच्या बाबतीत असा घोळ नाही. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, आणि आज १ मे आहे तर लिहूनच टाकतो म्हटलं.

मी टॅली क्लार्क होतो. नव्या लोकांना हे काम काय ते कळत नाही, म्हणून सांगतो. जहाजाच्या हॅचमधून, म्हणजे माल ठेवायच्या पोटाच्या तोंडातून, विंचने, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राने, झोळी वर येते, हवेत झुलत धक्क्यावर उतरते. झोळीत वीस गोणी असतील तर वीसच आहेत ना, ते बघायचं आणि कागदावर एक रेघ मारायची. चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी त्यांच्यावर आडवी. झाली एक जुडी. आठ तास हेच. पेटी असेल तर तिच्यावरचा मार्क आणि नंबर वाचायचा, फुटली असेल तर तसं लिहायचं. शिफ्ट संपली की जहाजाच्या टॅलीशी माझी टॅली लावायची. दोन गोणी इकडच्या तिकडे झाल्या तरी तासभर भांडण. एकदा साखरेच्या तीन गोणींसाठी मी एका जहाजाच्या ऑफिसरशी इतका भांडलो, की तो शेवटी हात जोडून म्हणाला, ‘लिही बाबा तुझं तू.’ माझाच आकडा बरोबर होता, हे सांगितल्याशिवाय मला आजही राहवत नाही.

आमच्या खाली हॅचमध्ये माल भरणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांची गँग असायची. खालून ओरडा यायचा, ‘हाबेस!’ म्हणजे उचल. वरून ‘आरिया!’ म्हणजे सोड खाली. हे शब्द मराठी नाहीत, हिंदी नाहीत, कुठल्या काळच्या खलाशांनी आणून टाकले देव जाणे, पण राजापूरचा, जुन्नरचा, तेलंगणातला आणि जौनपूरचा माणूस या दोन शब्दांवर एकमेकांच्या जिवाची हमी घ्यायचा. कारण हाबेसच्या जागी आरिया झालं तर खालचा माणूस चिरडलाच. गंधक उतरताना डोळे असे चुरचुरायचे की घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं तरी झोप नाही. काजळीचा माल असला की थुंकी दोन दिवस काळी. लोक खिशात गुळाचा खडा ठेवायचे. गुळाने छातीतली धूळ जाते असं सगळे मानायचे. डॉक्टर हसायचा, आम्ही खायचो.

बाबा याच कामाचे, पण माझ्या आधीचे, आणि हातात पेन्सिल नव्हती, आकडा होता. गोण ओढायचा लोखंडी आकडा. खांद्यावर अडकवून चालायचे. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि माझगावला गावकीच्या खोलीत राहिले. चौदा माणसं, पाळीपाळीने झोप. अक्षरओळख नव्हती, पण गोदीची गेटं रंगाच्या नावाची, यलो गेट, ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट, त्यामुळे बाबा कधी गेट चुकले नाहीत.

सुरुवातीच्या दिवसांबद्दल ते फारसं बोलत नसत. एकच गोष्ट परत परत सांगायचे. पहाटे गेटासमोर दोन-अडीचशे माणसं उभी. टोळीवाला, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, येणार, त्याच्या मागे मुकादम. मुकादम तोंडाने बोलायचा नाही, बोट करायचा. तू, तू, तू. ज्याच्याकडे बोट वळलं त्याला त्या दिवशी भात. बाकीचे दारूखान्याकडे, लाकडी बंदराकडे, जिथे काय मिळेल तिथे. बोट आपल्याकडे वळावं म्हणून मुकादमाच्या घरी गावचे आंबे पोचवायचे, मजुरीतला हिस्सा द्यायचा, त्याच्या पोरीच्या लग्नात पाणी भरायचं. कुणाचं नाव कुठेही लिहिलेलं नसायचं. लिहायचं कशाला, उद्या दुसरी माणसं उभीच आहेत.

आता स्फोटाच्या दिवसाकडे येतो. शुक्रवार होता. दुपारी जहाजातून धूर दिसला, बंब आले, पाणी मारत राहिले, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला धमाका झाला. अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली म्हणतात. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. त्यांची नावं भायखळ्याला मुख्यालयात स्मारकावर आहेत, आणि देशभर १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. हे योग्यच आहे. मी दोनदा जाऊन फूल ठेवून आलोय. (त्याच दिवशी बाबासाहेबांचा वाढदिवस. आणि तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचेच सदस्य होते. या योगायोगाचं काय करायचं ते मला आजवर कळलेलं नाही.)

पण त्या ६६ जणांची नावं आहेत, कारण ती पगारपत्रकावर होती. आमच्या वाडीतला एक जण त्या दिवशी गोदीत होता. बाबांचा लांबचा भाऊबंद, नाव लिहीत नाही, त्याचे पणतू आता गावी असतात. तो खोलीवर परतला नाही. आठवड्याने गावाहून दोघे शोधायला आले. इस्पितळं झाली, पोलीस चौकी झाली. मग टोळीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ‘त्या दिवशी माझ्याकडे नव्हता तो.’ बस. त्याच्याकडे कागद नव्हता, यांच्याकडेही नव्हता. गोदीत होता हे शाबीत कसं करायचं? भरपाई सोडा, तो मेला हेसुद्धा शाबीत झालं नाही. त्याच्या बायकोने कुंकू पुसलं नाही. मी लहानपणी पाहिलंय तिला, म्हातारी झाली होती, कपाळावर हे एवढं कुंकू. बाळगोपाळ मंडळी हसायची. मीही हसलोय.

तर माझ्या मते गोदी कामगारांच्या चळवळीने काय मिळवलं, याचं उत्तर पगारवाढ, बोनस, वर्दी, जेवणाची सुट्टी हे नंतरचं. पहिलं काय मिळवलं, तर नाव लिहून घेतलं. रोजची ही मोकाट भरती थांबवा, असं १९३१ सालीच मजुरांच्या प्रश्नांवर नेमलेल्या रॉयल कमिशनने अहवालात लिहून ठेवलं होतं. अहवाल असतात तसा तो पडून राहिला. मग संप झाले, मोर्चे झाले, माणसं आत गेली. १९४८ साली गोदी कामगारांच्या भरतीच्या नियमनाचा कायदा झाला, १९५१ साली मुंबईची योजना आली आणि डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. माणसाची नोंदणी, ओळखपत्र, हजेरीचं कार्ड, पगाराचं कार्ड. पाळी नंबराप्रमाणे. बोटाप्रमाणे नाही. आणि ज्या दिवशी जहाज नाही त्या दिवशीही हजेरीला येऊन उभं राहिल्याचे थोडे पैसे. बाबांना या शेवटच्या गोष्टीवर कितीतरी दिवस विश्वास बसला नव्हता. ‘काम नाय केला तरी पैसे? कायतरी भानगड आसा,’ असं म्हणून पहिल्या वेळी ते पैसे त्यांनी आठ दिवस खर्चच केले नाहीत, परत मागतील म्हणून. आमच्या घरात, वाडीत, अजूनही जुन्या बायका म्हणतात, ‘बोर्डात लागला.’ म्हणजे माणूस मार्गी लागला, आता मुलगी द्यायला हरकत नाही.

त्या काळातलं मोठं नाव म्हणजे पी. डिमेलो. मंगळूरकडचा माणूस, ट्रान्सपोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियनचा पुढारी. १९५८ साली गेले, चाळिशीच्या आत-बाहेर असताना. चौपाटीच्या बाकांवर झोपून दिवस काढलेले जॉर्ज फर्नांडिस कामगारांत काम करायला शिकले ते याच माणसाकडे. आधीच्या फ्रिअर रोडला डिमेलोंचं नाव आहे. रोज लाखभर माणसं ‘डिमेलो रोड’ म्हणतात, टॅक्सीवाले म्हणतात, कुरियरवाले पत्त्यात लिहितात, पण कोण होता विचारलं तर कुणी म्हणतं गव्हर्नर, कुणी म्हणतं बिल्डर. वॉकमधल्या एकाने तर खात्रीने सांगितलं, पोर्तुगीज व्यापारी. बाबा मात्र त्या रस्त्याने जाताना टोपी सारखी करायचे. देवळासमोर करतात तशी.

सगळं गोड नव्हतं, हेही लिहायला हवं. बोर्डात यायला चिठ्ठ्याचपाट्या चालायच्या. बापाच्या जागी मुलगा लागायचा, मीही तसाच चिकटलो, अर्थात मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं म्हणून पेन्सिल मिळाली. युनियन एक नव्हती, दोन-तीन होत्या, आणि एकमेकींचे झेंडे उतरवण्यात कधीकधी मालकाशी भांडायचं राहून जायचं. बायका तर कुठल्याच यादीत नव्हत्या. गँगा जेवायच्या त्या खानावळवाल्या बाईंच्या उधारीवर. संप लांबला की पहिला फटका तिच्या डाळ-तांदळाला. माझ्या आईने एका संपात बांगड्या मोडल्या, त्यातल्या अर्ध्या खानावळवाल्या बाईंची उधारी फेडायला. त्यांची टॅली मी तरी कुठे ठेवली?

मग खोकं आलं. कंटेनर. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावा-शेवा सुरू झालं आणि काही वर्षांत आमच्या धक्क्यावरचा माल आटला. वीस गोणींची झोळी मोजणारा माणूस सीलबंद पेटीपुढे काय मोजणार? एक पेटी, एक नंबर, आत काय ते सीलला ठाऊक. माझी पेन्सिल तिथेच संपली. बोर्ड नव्वदच्या दशकात पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, पुढे स्वेच्छानिवृत्ती आली, मी घेतली, त्या पैशातून घराचं छप्पर केलं. आता व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या भरून टाकल्यात. ज्या पाण्यावर स्फोट झाला ते पाणीच नाही. मी यंत्राविरुद्ध नाही. गंधकाची गोण पाठीवर वाहून बघा, मग यंत्राला शिव्या द्या. पण मध्यंतरी एका गोदामाजवळ सकाळी साडेसहाला पोरं उभी दिसली, कंत्राटदाराच्या टेम्पोची वाट बघत. टेम्पो आला, आतल्याने बोट केलं. तू, तू, तू. मी पलीकडच्या फुटपाथवर होतो, तरी माझ्या पोटात गोळा आला.

बाबांचं हजेरीचं कार्ड माझ्याकडे आहे. कडा झिजल्यात, आडनाव चुकीचं लिहिलंय, एक काना जास्त आहे. बाबांनी ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही. हात लावला तर काढून घेतील अशी भीती. पुढे माझ्या शाळेच्या दाखल्यात तोच काना आला, आणि आता नातीच्या आधारकार्डावरही आहे.

आज सकाळी जुन्या युनियनच्या ऑफिसासमोर झेंडा लावला. लाल झेंडा, नवा, घड्या पडलेला. दर वर्षी माणसं कमी होतात. एकाला काठी, एकाला श्रवणयंत्र, एक जण मुलाच्या हाताला धरून आला. भाषण कुणी केलं नाही. करायला उभे राहिले होते एक जण, पण गळा दाटला म्हणून चहाच मागवला. मी सवयीने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला रेघा मारल्या. दोन जुड्या आणि वर एक. अकरा.

चहा संपल्यावर बारावा आला, वडाळ्याहून, लोकल चुकली म्हणे. त्याचीही रेघ मारली.