तुम्ही विचारलंत म्हणून: आवाजानं पेशी फुटत नाहीत का?

मी काय काम करते असं कुणी विचारलं, की मी सांगते, 'आवाजाच्या लहरींनी द्रवातल्या पेशी वेगळ्या करते.' त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: 'पण आवाजानं त्या फुटत नाहीत का?' विचारणाऱ्यांमध्ये जीवशास्त्राची मंडळी जास्त असतात, आणि त्यांची शंका अगदी रास्त आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत अल्ट्रासाउंड असतो तो पेशी फोडण्यासाठीच. सॉनिकेटरची धातूची दांडी बर्फात ठेवलेल्या नळीत बुडवायची, बटण दाबायचं आणि पेशींच्या चिंधड्या करून आतलं प्रथिन मिळवायचं. रोज हे पाहणाऱ्याला माझं म्हणणं चटकन पटणार नाहीच.

तरीही उत्तर आहे: नाही फुटत. सॉनिकेटर साधारण २० किलोहर्ट्झवर चालतो. म्हणजे एका कंपनाला ५० मायक्रोसेकंद लागतात, आणि त्यातला निम्मा वेळ द्रवावरचा दाब उतरलेला असतो. तेवढ्या वेळात द्रवात सूक्ष्म बुडबुडे फुगतात आणि दाब पुन्हा चढला की जोरात कोसळतात. पेशींचा नाश होतो तो प्रामुख्यानं या कोसळण्यामुळे. आम्ही काम करतो ते २ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे दाब उतरतो तो फक्त पाव मायक्रोसेकंद. बुडबुड्याला फुगायला सवडच मिळत नाही. शिवाय आम्ही ताकदही बेतानंच लावतो. तरी नुसत्या तर्कावर विसंबून चालत नाही, म्हणून बाहेर आलेल्या पेशींना ट्रिपन ब्लू हा निळा रंग लावून पाहतो. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही. त्यानंतर त्या वाढीला ठेवतो. त्या विभागायला लागल्या, की माझं समाधान होतं.

मग त्या हलतात कशा? खरी मौज इथे आहे. काचेत किंवा सिलिकॉनमध्ये कोरलेली एक बारीक वाहिनी घ्या, साधारण ३७५ मायक्रोमीटर रुंदीची. पाण्यात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १४८० मीटर, म्हणजे २ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पाऊण मिलिमीटरच्या जवळपास येते. तिची बरोबर अर्धी लहर या रुंदीत बसते. खाली चिकटवलेली पीझोइलेक्ट्रिक (विजेच्या सिग्नलनं कंप पावणारी) चकती थरथरू लागली, की दोन्ही भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून स्थायी तरंग तयार होतो. भिंतींपाशी दाबाची चढउतार सर्वांत जास्त, मधोमध जवळजवळ शून्य. या मधल्या जागेला दाबाचा निस्पंद म्हणतात.

पेशी भोवतालच्या द्रवापेक्षा किंचित जड असते आणि किंचित कमी दबते. त्यामुळे प्रत्येक कंपनात तिला बसणारे पुढचे-मागचे धक्के एकमेकांना पुरते खोडून काढत नाहीत. थोडंसं बळ शिल्लक उरतं. सेकंदाला वीस लाख कंपनं, आणि प्रत्येकातलं ते उरलेलं बळ एकाच दिशेनं: निस्पंदाकडे. कडक गोळ्यांसाठी याचं गणित लुई किंग यांनी १९३४ साली मांडलं. दबणाऱ्या गोळ्यांसाठी योसिओका आणि कावासिमा यांनी १९५५ साली. पेशी दबते, त्यामुळे आमचा हिशेब या दुसऱ्या गणितावर चालतो.

सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य असं दिसतं: पातळ केलेलं रक्त वाहिनीभर फिक्कट लाल पसरलेलं असतं. सिग्नल सुरू केला, की डोळ्याची पापणी लवेपर्यंत मधोमध एक गडद लाल रेघ उमटते आणि दोन्ही कडा नितळ होतात. वारंवारता जराशी सरकवली, तर रेघेच्या कडा विसविशीत होतात, मग ती विरून जाते. इतक्या अरुंद जागेत प्रवाह घुसळत नाही, थर थराला लागून शांतपणे सरकतात. म्हणून वाहिनीच्या टोकाला तीन फाटे काढले, की मधल्यातून पेशी आणि बाजूच्यांतून द्रव असं आपसूक वेगळं मिळतं.

चरबीचे थेंब नेमके उलटे वागतात. ते प्लाझ्मापेक्षा, म्हणजे रक्तातल्या द्रवापेक्षा, हलके आणि जास्त दबणारे, म्हणून भिंतींकडे पळतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात थॉमस लॉरेल यांच्या गटानं दोन हजारच्या दशकात याचा फार सुंदर उपयोग दाखवला. हृदयाच्या शस्त्रक्रियेत जखमेतून ओढून घेतलेलं रक्त रुग्णाला परत देता येतं, पण त्यात चरबीचे कण मिसळलेले असतात आणि ते मेंदूच्या केशवाहिन्यांत अडकू शकतात. त्यांच्या वाहिनीत तांबड्या पेशी मधोमध गेल्या, चरबी कडेला. चाळणी नाही, रसायन नाही. मला या क्षेत्राकडे ओढलं ते याच कामानं.

आकाराचा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. बळ पेशीच्या आकारमानानुसार वाढतं, म्हणजे व्यास दुप्पट झाला तर बळ आठपट. द्रवाचा विरोध जमेस धरला, तरी वेग चौपट होतोच. म्हणून २-३ मायक्रोमीटरच्या प्लेटलेट्स मागे राहतात आणि मोठ्या पेशी आधी मध्यावर पोहोचतात; त्यांना वेगळं करणं सोपं. पण पांढऱ्या पेशी तांबड्या पेशींपेक्षा मोठ्या असूनही दोघी जवळपास सारख्याच वेगानं सरकू शकतात. तांबडी पेशी हिमोग्लोबिननं भरलेली, म्हणून जास्त घन. आकारात ती जे गमावते ते वजनात भरून काढते. अशा वेळी आजूबाजूच्या द्रवाचीच घनता बदलावी लागते, म्हणजे दोघींमधला फरक उघडा पडतो. माझे कितीतरी दिवस या एका द्रवाचं मिश्रण जमवण्यात जातात आणि मला ते काम मनापासून आवडतं.

तापमान हा वेगळा जाच. चकती तापते, पाणी तापतं. एका अंशानं आवाजाचा वेग सेकंदाला दोन-तीन मीटरनं वाढतो आणि जुळवलेली वारंवारता हुकते. आणि साधारण २ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांवर, म्हणजे बहुतेक जिवाणूंवर, ही पद्धत अडखळते. आवाजामुळे द्रवातच छोटे भोवरे उठतात. इवल्या कणावरचं बळ इतकं क्षीण, की तो त्या भोवऱ्यांबरोबर गोल फिरत राहतो. त्यासाठी पृष्ठलहरींवर, म्हणजे पृष्ठभागावरून धावणाऱ्या लहरींवर, काम चालू आहे. लिथियम नायोबेटच्या स्फटिकावर धातूच्या बारीक पट्ट्या उमटवून बऱ्याच वरच्या वारंवारतेच्या लहरी काढतात. ड्यूक विद्यापीठातल्या टोनी जुन हुआंग यांच्या गटानं २०१७ साली त्याच मार्गानं रक्तातून एक्झोसोमही (पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या) वेगळे करून दाखवले.

'मग सेंट्रिफ्यूज मोडीत काढायचा का?' असं काही जण लगेच विचारतात, म्हणजे नमुना गरगर फिरवून घटक वेगळे करणारं नेहमीचं यंत्र. मुळीच नाही. पिशवीभर रक्तातून प्लाझ्मा काढायचा असेल, तर सेंट्रिफ्यूजच लावा. माझ्या एका वाहिनीतून मिनिटाला मिलिलिटरचा एखादा अंशच जातो, आणि अख्ख्या रक्तात जवळपास ४५ टक्के पेशीच असल्यानं ते आधी पातळ करावं लागतं. पण नमुना थोडा असेल, हव्या असलेल्या पेशी त्याहून थोड्या असतील, त्यांना प्रतिपिंडं किंवा चुंबकीय मणी चिकटवायचे नसतील आणि नंतर त्यांच्यावर औषध तपासायचं असेल, तर आधी माझ्याशी बोला. नमुना ताजा आणा, आणि रक्त गोठू न देणारं द्रव्य नळीत आधीच घातलेलं असू द्या. एवढीशी गुठळीसुद्धा वाहिनी बंद पाडते.